जुन्या आगीच्या बंबांचा छंद

[नभोवाणीवरील एक भाषण]

‘बंब’ हा शब्द उच्चारतांच मराठी घरांत दोन निरनिराळीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक चित्र न्हाणीघरालगतच्या तांब्याच्या बंबाचें. पोटांत निखारे, भोंवतीं पाणी आणि डोक्यावर धुराचें नळकांडें असा तो आमच्या लहानपणीं दिवाळीच्या पहांटे साऱ्या घराचा पूज्य अतिथि होऊन बसे. दुसरें चित्र घंटा वाजवीत रस्त्यानें धांवणाऱ्या तांबड्या गाडीचें. पहिला बंब आगीनें पाणी तापवतो, दुसरा पाण्यानें आग विझवतो. दोघांचा धर्म असा परस्परविरुद्ध असून नांव मात्र एकच. कारण हा शब्द पोर्तुगीज भाषेंतील ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसण्याचें यंत्र, यावरून आपल्याकडे आला. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या बंबाविषयीं. आणि तेंहि त्याच्या नोकरींतील पराक्रमाविषयीं नव्हे, तर तो पेन्शनींत निघाल्यानंतरच्या आयुष्याविषयीं. मी स्वतः पेन्शनर मास्तर असल्यामुळें या विषयाकडे माझा ओढा कां, हें चतुर श्रोत्यांना निराळें सांगावयास नको.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो, मला एक फोटो धाडला. एका शेतावरच्या कोठारापुढें एक अवाढव्य हिरवा बंब उभा आहे आणि त्याच्या खालीं उताणे पडून दोन वृद्ध गृहस्थ कांहीं खटपट करीत आहेत, असें तें दृश्य होतें. खालीं त्यानें लिहिलें होतें, “मास्तर, हे दोघेहि तुमच्याच वयाचे आहेत. दर रविवारीं हेंच करतात. याबद्दल त्यांना कोणी पैसे देत नाहीं. उलट त्यांचेच जातात.” मी प्रथम हंसलों. मग चौकशी करूं लागलों. आणि जसजशी माहिती मिळत गेली, तसतसें तें हंसूं मावळून त्याच्या जागीं आदर उत्पन्न झाला.

हा छंद म्हणजे दोनचार लहरी माणसांचा खेळ आहे, असें आपण समजूं नये. अमेरिकेंत जुन्या मोटारबंबांचें जतन आणि गुणग्रहण करणारी एक संस्था १९५८ सालींच स्थापन झाली. ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं ‘हॉल ऑफ फ्लेम’ नांवाचें एक संग्रहालय आहे; तेथें हातपंपापासून मोटारबंबांपर्यंत सर्व पिढ्या ओळीनें उभ्या आहेत. इंग्लंडांतहि अशा मंडळ्या आहेत. उन्हाळ्यांत हे लोक आपापले बंब घेऊन मेळाव्याला जमतात, एखाद्या तळ्याच्या कांठीं पंप सुरू करून पाण्याच्या धारा उडवतात, आणि लहान मुलांना घंटा वाजवूं देतात.

आतां मोटारी तर पुष्कळ प्रकारच्या असतात. मग प्रेम बंबावरच कां? याचें एक कारण व्यावहारिक आहे. बंब हा आयुष्याचा बहुतेक काळ छपराखालीं उभा असतो. तो वर्षांतून थोडेच मैल धांवतो, रोज पुसला जातो आणि त्याची निगा राखण्यासाठीं पगारी माणसें असतात. म्हणून माल वाहणारी गाडी झिजून भंगारांत जाते त्या वयांत बंबाचा सांगाडा बहुधा धडधाकट असतो. दुसरें कारण मनाचें आहे. ही गाडी कोणा एका धन्याची नसते, ती साऱ्या गांवाची असते. तिच्या अंगावर गांवाचें नांव सोनेरी अक्षरांनीं लिहिलेलें असतें. कोणाच्या तरी आयुष्यांतील अत्यंत कठीण घटकेला ती धांवून आलेली असते. अशा गाडीला लोखंडाच्या भावानें मोडीत घालतांना गांवांतील दहा माणसांच्या तरी पोटांत कालवाकालव होते.

या घराण्याची वंशावळ थोडक्यांत सांगतों. १७२० च्या सुमारास लंडनमध्यें रिचर्ड न्यूशम यानें हातपंपाचे बंब बनवण्यास आरंभ केला. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना माणसें लागत आणि वरखालीं करून पाणी उडवीत. १८२९ सालीं ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनीं लंडनमध्येंच वाफेचा पहिला बंब सिद्ध केला. त्यानंतर वाफ आणि घोडे यांची जोडी बराच काळ टिकली. १९०४ सालीं मेरीवेदर कंपनीचा पेट्रोलवर धांवणारा आणि पेट्रोलवरच पाणी उपसणारा बंब लंडनजवळील फिंचली येथें दाखल झाला. तो आज लंडनच्या विज्ञानसंग्रहालयाच्या ठेव्यांत आहे. गिल्डफर्डच्या डेनिस बंधूंनीं आपला पहिला बंब १९०८ मध्यें ब्रॅडफर्ड शहराला दिला. न्यूयॉर्क शहराच्या दलांतील शेवटचे घोडे १९२२ सालीं निवृत्त झाले, आणि बंबाच्या इतिहासांतील टापांचा आवाज तेथें थांबला.

परंतु बंबाचा आत्मा म्हणजे चाकें नव्हेत, पंप होय. तो समजल्याशिवाय या छंदांतली गोडी कळणार नाहीं, म्हणून दोन मिनिटें मला वर्गांत आहों असें समजून बोलूं द्यावें. नारळाचें पाणी आपण नळीनें पितों तेव्हां आपण तें ‘ओढतों’ असें म्हणतों. वस्तुतः आपण कांहींच ओढीत नाहीं. आपण नळींतली हवा काढून घेतों आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला नळींतून वर ढकलतो. बंबाचेंहि तसेंच. विहिरींत सोडलेल्या जाड नळींतली हवा काढली कीं भोंवतालची हवाच पाण्याला वर चढवते. पण हवेचें बळ कांहीं अमर्याद नाहीं. समुद्रसपाटीला तें पाण्याला सुमारें १० मीटर, म्हणजे ३४ फूट, एवढेंच उचलूं शकतें. आणि प्रत्यक्षांत पंप, सांधे व पाण्याची वाफ यांचा हिशेब जातां सातआठ मीटरांवर समाधान मानावें लागतें. टॉरिचेल्ली यानें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीच्या साहाय्यानें या कोड्याचा उलगडा केला. त्याहून खोल विहिरीवर जगांतील सर्वांत बलाढ्य बंब आणून उभा केला, तरी वरून एक थेंब चढावयाचा नाहीं.

जुन्या बंबांत दट्ट्याचा पंप असे. दट्ट्या मागेंपुढें होई आणि झडपा उघडझांप करीत. या पंपाला नळींतली हवा आपण होऊन काढतां येते, हा त्याचा गुण. पण पाणी ठोक्याठोक्यानें येतें, हा दोष. त्यावर उपाय म्हणून पंपाच्या डोक्यावर हवेची एक कोठी बसवीत. ठोक्याबरोबर हवा आंत दाबली जाई आणि दोन ठोक्यांच्या मध्यें ती पसरून पाण्याला ढकलीत राही. बाजाच्या पेटींत भाता मारतांना हात थांबला तरी सूर तुटत नाहीं, कारण आंत सांठलेली हवा तो धरून ठेवते. तीच ही युक्ति. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरच्या अरेन्स-फॉक्स कंपनीनें हा सबंध पंप गाडीच्या तोंडाशींच बसवला आणि त्यावर हवेचा चकचकीत गोळा मुकुटासारखा ठेवला. आज या छंदांतील मंडळींना तो गोळा दुरून दिसला तरी पुरे. कंपनीचें नांव वाचण्याची गरज पडत नाहीं.

पुढें फिरत्या पात्यांचा पंप आला. पातीं वेगानें फिरून पाण्याला मध्यापासून कडेकडे फेकतात आणि धार अखंड मिळते. पण हीं पातीं पाणी फेकूं शकतात, हवा इतकी हलकी कीं ती त्यांना दाद देत नाहीं. म्हणून अशा पंपाला आधीं निराळ्या साधनानें हवा काढून पाणी पाजावें लागतें. येथेंच हौशी लोकांची परीक्षा होते. यंत्र गर्जना करीत आहे, दहा माणसें भोंवतीं उभीं आहेत आणि तोटींतून एक थेंब नाहीं! अशा वेळीं दोष बहुधा यंत्राचा नसतो. नळीच्या जोडाशीं बसवलेला एखादा वायसर सुकून चिरलेला असतो आणि त्या केसाएवढ्या फटींतून हवा आंत शिरत असते. चार आण्यांच्या वस्तूनें मोठ्या बंबाला मुका करून ठेवावें, हा धडा शाळेंतील कोणत्याहि पुस्तकापेक्षां अधिक ठसतो.

आतां जीर्णोद्धाराकडे वळूं. भंगारांतून आणलेला बंब पाहून नवशिक्याला पहिला मोह होतो तो यंत्र सुरू करून पाहण्याचा. जाणते सांगतात कीं, तें शेवटीं. प्रथम चहूंबाजूंनीं फोटो घ्यावे; मग एकेक भाग सोडवून त्याला चिठ्ठी बांधावी आणि वहींत टिपण करावें. काढलेला स्क्रू कोठला, हें पंधरा दिवसांनीं कोणाच्याहि लक्षांत राहत नाहीं. वर्षानुवर्षें बंद असलेल्या यंत्रांत तेल सोडून तें दोनचार दिवस मुरूं द्यावें आणि मग हातानें हळूच फिरवून पाहावें. एकदम झटका दिला तर गंजून चिकटलेला दट्ट्या किंवा त्याचा दांडा मोडतो. पेट्रोलची टांकी आंतून साफ करावी. आणि गाडी चालूं लागण्यापूर्वीं ती थांबते कीं नाहीं हें पाहावें, म्हणजे ब्रेक प्रथम. कित्येक टन वजनाची वस्तु उतारावर सुटली तर तिच्यापुढें हौस चालत नाहीं.

पुष्कळ जुन्या बंबांच्या पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असतो. वरून पत्रा शाबूत दिसतो, पण आंत पाणी मुरून लांकूड कुजलेलें असतें. थंड देशांत आणखी एक शत्रु आहे. पंपांत राहिलेलें पाणी हिवाळ्यांत गोठलें कीं तें सुमारें एक-अकरांशानें फुगतें आणि जाड बिडाची कोठीहि तडकते. असे भाग आज बाजारांत मिळत नाहींत. मग ओतारी शोधावा लागतो, कातारी शोधावा लागतो, पितळ आणि तांबें ठोकून वळवणारा तांबट शोधावा लागतो. या निमित्तानें मरूं घातलेले कसब हातांत राहतात, हा या छंदाचा मोठा सामाजिक लाभ मी समजतों. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. जुन्या रंगांत शिसें असतें आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असतो. दोहोंची धूळ श्वासावाटे आंत जाणें घातक आहे. तेव्हां तें काम कोरडें घांसून, तोंड उघडें ठेवून, घरांतील मुलांच्या देखत करूं नये.

रंगाचें काम सर्वांत चिकाटीचें. मूळ रंग कोणता होता हें शोधण्यासाठीं एखाद्या झांकल्या जागीं पॉलिश कागदानें थर उतरते घांसतात, म्हणजे झाडाच्या कापल्या खोडावरील वलयांप्रमाणें एकाखालीं एक थर उघडे पडतात. मग लांबी भरणें, घांसणें, रंग देणें, पुन्हां घांसणें. शेवटीं अक्षरें. चिकट रोगणानें अक्षर काढावयाचें, तें नेमकें कितपत सुकलें हें बोटाच्या पेरानें ओळखावयाचें आणि त्यावर सोन्याचा वर्ख ठेवावयाचा. आपल्याकडे पेढ्यावर वर्ख लावणाऱ्या हातालाच ही कला समजेल. खोलींतला पंखा चालूं असला तर वर्ख अक्षरावर न बसतां छपराला जाऊन चिकटतो!

येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. पुढें मात्र पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, बंब कारखान्यांतून निघाला त्या दिवशीं जसा होता तसाच तो झाला पाहिजे. दुसरा म्हणतो, त्यानें नोकरींत जे ओरखडे सोसले तेच त्याचे अलंकार; ते पुसूं नका. तिसरा पक्ष हौशी सुधारकांचा. तो जुन्या बंबाला नवें यंत्र बसवतो, कधीं त्याचें फिरतें घर करतो, कधीं लग्नाच्या वरातीला देतो. तिन्ही पक्षांचे भांडण ऐकून मला आपल्याकडील जुन्या देवळांच्या जीर्णोद्धाराचीं भांडणें आठवतात. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फांसणाऱ्या विश्वस्तांचीहि भक्ति खरीच असते!

माझें मत विचाराल तर सांगतों. जी सुधारणा पुन्हां काढून टाकतां येते ती क्षम्य. जी मूळ वस्तु कापून केली जाते ती अक्षम्य. रस्त्यावर माणसें घेऊन जावयाचें तर चांगले ब्रेक, चांगले दिवे हवेतच. कारण इतिहासाच्या प्रेमापायीं जिवंत माणसाचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार कोणाला नाहीं. पण काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून ठेवावा. आपल्यानंतर येणाऱ्याला आपली चूक दुरुस्त करतां यावी, एवढी नम्रता आपल्या कामांत असावी.

मघांच्या फोटोंतील हिरव्या बंबाची गोष्ट या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. त्याला इंग्रज लोक ‘ग्रीन गॉडेस’, म्हणजे हिरवी देवी, म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बच्या भीतीनें ब्रिटिश सरकारनें बेडफर्ड गाडीवर असे बंब १९५३ ते १९५६ या काळांत मोठ्या संख्येनें बांधून घेतले. तें युद्ध आलेंच नाहीं. ज्या सहायक दलासाठीं ते बांधले तें दल १९६८ सालीं बरखास्त झालें आणि बंब कोठारांत राहिले. १९७७ मध्यें आणि पुन्हां २००२ मध्यें इंग्लंडांतील अग्निशामक जवानांनीं संप केले, तेव्हां हेच बंब बाहेर काढून सैनिकांच्या हातीं दिले गेले. पुढें सरकारनें ते विकून टाकले आणि त्यांतले कित्येक हौशी लोकांच्या घरीं आले. न झालेल्या युद्धासाठीं जन्मलेली ही देवी आज मुलांना तळ्याच्या कांठीं भिजवते, यापेक्षां चांगली सद्गति यंत्राला कोणती मिळावी?

आतां फोटोग्राफीविषयीं. या मंडळींत हातांत पाना न धरणारा, केवळ कॅमेरा धरणारा एक मोठा वर्ग आहे, आणि तो दुय्यम नाहीं. त्यांनीं काढलेल्या फोटोंवरूनच जीर्णोद्धार करणाऱ्यास कळतें कीं शिडी कशी बांधलेली होती, घंटा कोठें होती, अक्षराचें वळण कसें होतें. पण जुना फोटो वाचतांनाहि विद्या लागते. पूर्वीच्या कांचा आणि फिल्मा निळ्या-हिरव्या उजेडानें उमटत, तांबडा उजेड त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तांबडाभडक बंब फोटोंत काळाकुट्ट दिसतो! सर्व रंग टिपणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विकावयास आल्या, तरी जुना प्रकार पुढें बरींच वर्षें चालूं होता. तेव्हां फोटो पाहून “हा बंब काळा होता” असें म्हणणाऱ्यानें आधीं फिल्म कोणती होती हें विचारावें.

नवा फोटो घेणाऱ्यास तीनचार गोष्टी पुरेत. तुकतुकीत रंग म्हणजे आरसाच. त्यांत फोटो घेणारा, त्याचा सदरा आणि मागचें विजेचें खांबोळें सर्व दिसतात. म्हणून दुपारचें ऊन टाळावें. सकाळचा किंवा आभाळ असतांनाचा मऊ उजेड बरा. पुढची बाजू आणि एक कूस अशा दोन्ही दिसतील असें तिरपें उभें राहावें. नंतर मागची बाजू, पंपाच्या चाव्या, कारखान्याची पट्टी हींहि घ्यावीं. सुंदर फोटो पुष्कळ असतात, उपयोगी थोडे. आणि फोटोमागें गांव, दिनांक व गाडीचा क्रमांक लिहावा. बंब कामगिरीवर असेल तर मात्र कॅमेरा बाजूला ठेवून वाट मोकळी करावी, हें सांगावयास नकोच.

श्रोतेहो, हें सारें परदेशचें. त्याचा आपणांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागली. तिच्या पोटांत कापसाच्या गांठी होत्या आणि दारूगोळाहि होता. बंबवाले पाणी मारीत असतांनाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानें दुसरा. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस साऱ्या भारतांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. माणसांचीं नांवें दगडावर कोरतां येतात. पण तीं माणसें कशावर चढून गेलीं, त्यांच्या हातांत कसली तोटी होती, हें नातवंडांना दाखवावयाचें तर तें यंत्रच राखलें पाहिजे, निदान त्याचें चित्र तरी.

आणि येथें माझा एक अपराध कबूल करतों. ज्या लहान गांवीं मी बरींच वर्षें शिकवीत होतों, तेथें नगरपालिकेचा एक जुना बंब चिंचेखालीं उभा असे. हवेच्या दाबाचा धडा आला कीं मी मुलांना तेथें नेत असें आणि त्याच्या नळ्यांवर हात ठेवून शिकवीत असें. एका वर्षीं स्नेहसंमेलनासाठीं कोणाचा तरी कॅमेरा माझ्या हातीं आला होता. मीं सारी रीळ पाहुण्यांचे हारतुरे टिपण्यांत घालवली. बंब काय, तो तेथेंच आहे, असें मनांत म्हटलें. पुढच्या दिवाळीनंतर मुलांना घेऊन गेलों तों चिंचेखालीं तेलाचा काळा डाग तेवढा होता. बंब भंगारांत गेला होता, घंटेसकट. कोणाचा द्वेष नव्हता, कट नव्हता. राखून ठेवावें असें कोणाला सुचलेंच नाहीं, आणि त्या न सुचणाऱ्यांत मीहि होतों. आज तोच विद्यार्थी इंग्लंडांतून विचारतो, “मास्तर, आपल्या बंबाची घंटा डाव्या बाजूस होती कीं उजव्या?” ज्या गाडीवर मीं इतकीं वर्षें धडा दिला, तिच्याविषयींचा हा एवढासा प्रश्न मला सोडवतां येत नाहीं.

म्हणून माझें मागणें मोठें नाहीं. बंब विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार करण्याइतकी जागा, पैसा आणि अंगांतलें बळ आपल्यांतील थोड्यांजवळच असेल. पण आज प्रत्येक घरांत कॅमेरा आहे, आणि त्याला रीळहि लागत नाहीं. आपल्या गांवच्या बंबखान्यांत, नगरपालिकेच्या आवारांत, एखाद्या कारखान्याच्या मागें असा एखादा म्हातारा उभा असेल. तेथील अधिकाऱ्यांना विचारून एका सकाळीं मुलांना घेऊन जा. चहूंबाजूंनीं फोटो घ्या. त्याच्यावर काम केलेला एखादा जवान हयात असेल तर त्याला बोलतें करा आणि तें लिहून ठेवा. आणि घंटा कोणत्या बाजूस आहे, तेवढें विसरूं नका.